पाच किलोंची पिशवी: गोव्याच्या चार्टर विमानाने तीन हिवाळे

तीन हिवाळे, पाच फेऱ्या. सहावीचं बुकिंगही करून बसलोय, त्यामुळे खाली कितीही आदळआपट केली तरी ती त्या हिशेबानेच वाचा. कंपनीचं नाव लिहीत नाही. भरपाईचं प्रकरण अजून मिटलेलं नाही.

आधी पैशांचं. इंग्लंडहून मुंबई, तिथून रात्रभर कोकणकन्या, सावंतवाडीला उतरून शिरोड्यापर्यंत रिक्षा, असं आम्ही वर्षानुवर्षं केलं. सहलवाल्याने अख्खं भाड्याने घेतलेलं चार्टर विमान थेट गोव्यात उतरवतं. सीमेवरचं सातार्डा ओलांडलं की घर आलंच. दोघांत मिळून दोनशे-अडीचशे पौंड वाचतात आणि दुपारची पेज आईच्या समोर बसून खाता येते. गुडघे पुढच्या सीटला टेकतात, चहाला पैसे पडतात, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यावर वेळ घालवत नाही.

मला बोलायचंय ते काट्याबद्दल. हातातली पिशवी पाच किलो. सव्वापाच नाही, पाच. परतीच्या वेळी काउंटरवरच्या मुलीने माझी पिशवी काट्यावर ठेवली: 6.2. आत कुळथाचं पीठ, सोलं, मालवणी मसाला, आणि आईने शेवटच्या क्षणी कोंबलेले काजू. माझ्या पुढचा गृहस्थ सहज सव्वाशे किलोंचा, त्याला कोणी काट्यावर उभं केलं नाही. मला मात्र रांगेतून बाजूला काढलं. शेवटी कुळथाचं पीठ बायकोच्या कोटाच्या एका खिशात आणि सोलं दुसऱ्या खिशात गेली. तोच ऐवज, तेच विमान, तेच वजन, पण पिशवी आता पाच किलो! मुलगी हसून म्हणाली, 'नाऊ ओके.' तेव्हापासून लटकवायचा स्प्रिंगचा काटा घेऊन फिरतो.

या काट्याच्या रागातूनच मी चार्टरचा धंदा समजून घ्यायला लागलो. आपल्याकडे एसटीची प्रासंगिक कराराची गाडी असते ना, लग्नाला नाहीतर पंढरपूरला नेणारी, तसंच हे. नेहमीचं विमान आपल्याला सीट विकतं. चार्टरमध्ये सहलवाला अख्खं विमान उचलतो आणि हॉटेलसकट गिऱ्हाइकाला विकतो. रिकामी सीट म्हणजे थेट त्याच्या खिशाला चाट, म्हणून विमान गच्च भरायचं आणि जमिनीवर कमीत कमी उभं ठेवायचं. उन्हाळ्यात एकच विमान मँचेस्टरहून स्पेनला, तिथून ल्युटनला, पुन्हा तिसरीकडे असं दिवसरात्र फिरतं. कागदावर त्या फेऱ्यांची रेघ इंग्रजी डब्ल्यूसारखी दिसते. पहाटे तीनचं तिकीट का मिळतं, त्याचं उत्तर त्या रेघेत आहे.

सुरुवात मजेशीर होती. 1950 मध्ये व्लादिमीर राइट्झच्या होरायझन हॉलिडेजने लोकांना कॉर्सिकातल्या काल्व्हीला नेलं. राहणं तंबूत, आणि जेवणासकट भाव 32 पौंड 10 शिलिंग. ब्रिटिश सरकारच्या परवान्यात अट अशी की प्रवासी फक्त विद्यार्थी आणि शिक्षकच हवेत! सरकारी विमानकंपनीचं गिऱ्हाईक पळू नये, ही त्यामागची काळजी. 1962 मध्ये युरेव्हिया ही चार्टर कंपनी जुनी कॉन्स्टेलेशन विमानं घेऊन उडाली. पुढे तीच ब्रिटानिया झाली, मग थॉमसन, आता टुई.

गोव्याला पहिलं चार्टर आणलं जर्मनीच्या काँडोर विमानकंपनीने, 1985 मध्ये. त्यावर गोव्यात सगळेच खूश नव्हते. जागृत गोंयकारांची फौज या संघटनेने 80 च्या दशकाच्या अखेरीस पाहुण्यांच्या बसचं स्वागत शेणाने केलं होतं. आणि कॉर्सिकाच्या परवान्यासारखीच गंमत आपल्याकडेही होती: चार्टर हे परदेशी पर्यटकांसाठी, तेही राहण्याच्या सोयीसकट. पूर्वी भारतीय पासपोर्टवर त्यात बसताच येत नसे. गोऱ्या माणसाला कळंगुटला जायला विमान होतं, पण शेजारच्या पेडण्यात जन्मलेल्याने मुंबईवरून यायचं. जुन्या मंडळींकडून ऐकलंय की नुसती सीट हवी असेल तर कागदोपत्री एखाद्या डॉर्मिटरीतली खाट घ्यायची. त्या खाटेवर कोणी झोपायला जात नसे.

आता या वर्षीचं. जाताना विमान तेरा तास उशिरा. कारण विचारलं तर 'तांत्रिक'. खरं दुखणं असं की आमचं विमान आदल्या रात्री दुसऱ्याच बेटावर अडकलं होतं आणि बदली विमान जवळ नव्हतं. एसटीची गाडी बंद पडली तर डेपोतून दुसरी येते. इथे डेपोच नाही. आठवड्यातून एकच फेरी, त्यामुळे 'उद्याच्या विमानाने जा' हाही पर्याय नाही. आई फोनवर म्हणाली, "मेल्या, आठ दिवसांक येतलस, त्यातलो एक दिवस थयच घालवलस?"

साडेतीन हजार किलोमीटरच्या पुढचा प्रवास आणि चार तासांहून जास्त उशीर असेल तर ब्रिटनच्या कायद्याने माणशी 520 पौंड मिळतात, चार्टरलाही आणि पॅकेजलाही. कंपनीने 'अपवादात्मक परिस्थिती' असं लिहून पाठवलं. विमानातला नेहमीचा बिघाड अपवादात्मक धरता येत नाही, हे हुझर नावाच्या प्रवाशाच्या खटल्यात 2014 मध्येच ठरलंय. तो माणूस मालागाहून मँचेस्टरला 27 तास उशिरा पोचला होता. मी त्याचा दाखला देऊन पत्र टाकलं. उत्तर नाही. दुसरं टाकलं. उत्तर नाही.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं आणि या चार्टरला पाचपैकी एक तारा देणार होतो. मग हिने विचारलं, "कंपनी बुडाली तर?" म्हणून तेही तपासलं. 15 ऑगस्ट 1974 ला कोर्ट लाइन बुडाली, तेलाचे भाव भडकल्यानंतर, ऐन सुट्टीत. हजारो लोक परदेशात लटकले. 2 ऑक्टोबर 2017 ला मोनार्क गेली, तेव्हा बाहेर 1 लाख 10 हजार लोक होते. 23 सप्टेंबर 2019 ला थॉमस कुक गेली, तेव्हा दीड लाखाहून जास्त. या शेवटच्या दोन्ही वेळा सरकारने विमानं भाड्याने घेऊन माणसं घरी आणली. पॅकेजवाल्याच्या पैशांना ॲटॉल नावाचं संरक्षण असतं, त्यासाठी सहलवाला माणशी अडीच पौंड भरतो. नुसती सीट स्वस्तात मिळवून मी स्वतःला शहाणा समजत होतो. आता हॉटेलसकट घेतो. आईला सांगत नाही, नाहीतर घर असताना खोली कशाला म्हणून ओरडेल.

पैशांच्या या एका संरक्षणासाठी एक तारा वाढवून दोन केले.

परवा अखेर पत्र आलं. पैशांऐवजी पुढच्या प्रवासाचं व्हाउचर, रक्कम 1200, म्हणजे आमच्या 1040 पेक्षा 160 ने जास्त. क्षणभर मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण व्हाउचर माझ्या सहीशिवाय लादता येत नाही, आणि त्याला मुदत नऊ महिन्यांची. उद्या कंपनीच गेली तर तो कागद घेऊन कोणाकडे जाऊ? सही न करता परत पाठवलं, रोख मागितली. टपालाचा खर्च दीड पौंड, तोही मागितलाय.

डिसेंबरसाठी हिने नवा कोट घेतला. आत चार खिसे आहेत. एक किलो कुळीथ आरामात मावतं, दुकानातच मोजून पाहिलं.