कार्बन मायक्रोकॉइलचा स्पर्शसेन्सर: हलक्या स्पर्शाला तयार, वायरिंगला हट्टी

नुसतं बटण दाबलं की नाही एवढंच कळायला हवं असेल, तर कार्बन मायक्रोकॉइलच्या, म्हणजे कार्बनच्या सूक्ष्म स्प्रिंगांच्या, सेन्सरच्या वाटेला जाऊ नका. एफएसआर ४०२ (दाबलं की रोध कमी होणारा तयार सेन्सर) आणि १० किलोओहमचा रेझिस्टर लावला की आर्डुइनोवर (छोट्या प्रोग्रामेबल बोर्डावर) काम भागतं. मायक्रोकॉइल घ्यायचं ते पिसासारख्या स्पर्शासाठी, कृत्रिम त्वचेसारख्या मऊ पृष्ठभागासाठी.

जपानच्या गिफू विद्यापीठातल्या सेइजी मोतोजिमांनी १९९० च्या सुमारास या स्प्रिंगा वाढवल्या. निकेलच्या कणांवर ॲसिटिलीन साधारण ७७० अंश सेल्सिअसला फोडायचं, सोबत गंधकाच्या संयुगाचा अंश. नुसत्या डोळ्यांना काजळीचा कापूस. सूक्ष्मदर्शकाखाली काही मायक्रोमीटर व्यासाची, डीएनएसारखी जोडवेटोळी. ताणली तर मूळ लांबीच्या कित्येक पट लांबतात.

सेन्सरमध्ये त्या सिलिकॉन रबरात १ ते ५ टक्के वजनाने मिसळतात. ५ टक्क्यांसाठी १९ ग्रॅम सिलिकॉनला १ ग्रॅम. एक ग्रॅम म्हणजे चिमूटभर असं समजू नका, माल फार फुलका असतो. खरी मेख ढवळण्यात आहे: जोरात घोटलं की वेटोळी तुटून नुसता कार्बनचा भुगा उरतो, कमी घोटलं की गुठळ्या राहतात. थोडं थोडं घालत हलक्या हाताने फिरवा, मग व्हॅक्युममध्ये बुडबुडे काढा. राहिलेला बुडबुडा दाब स्वतःच गिळतो. सिलिकॉन प्लॅटिनमवाला (प्लॅटिनम उत्प्रेरकाने सेट होणारा) असेल तर लेटेक्सचे हातमोजे नकोत. त्यातल्या गंधकाने तो सेटच होत नाही, चिकट राहतो. व्हिनाइलचे चालतात.

मोजणीत साधा मल्टिमीटर फारसा कामाचा नाही. दाबल्यावर रोध, धारकता आणि प्रेरकता तिन्ही एकदम हलतात, म्हणून एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारा प्रवाह लागतो. प्रयोगांत २०० किलोहर्ट्झ वापरलेले आढळतात. हातातल्या बहुतेक एलसीआर मीटरची (हे तिन्ही मोजणाऱ्या मीटरची) मजल १०० पर्यंतच, तेव्हा टेबलावरचा मीटर गाठा. मोजण्याआधी ओपन-शॉर्ट करेक्शन करा (टोकं उघडी ठेवून आणि मग जोडून वायरींचा स्वतःचा परिणाम वजा करणं), वायरी आखूड आणि शील्ड केलेल्या ठेवा. वायर हलली तरी आकडा हलतो आणि दोष बिचाऱ्या सेन्सरला.

आणखी एक खोड: बोट टेकण्याआधीच, नुसतं जवळ आलं तरी वाचन बदलतं. जवळिकीचा सेन्सर म्हणून हा गुणच, पण दाब मोजताना डोकेदुखी. त्यामुळे पहिली चाचणी बोटाने करू नका. प्लास्टिकच्या काडीने दाबा, मग तेच बोटाने, आणि दोन आकड्यांतला फरक लिहून ठेवा.