काटा खरा, मुरघास खोटा

गेल्या उन्हाळ्यात सांगोला तालुक्यातील आमच्या गोठ्यासाठी मी आठ टन मक्याचा मुरघास (हवाबंद ठेवून आंबवलेला हिरवा चारा) सात रुपये किलोने विकत घेतला आणि त्यात माझी सरळसरळ फसवणूक झाली. विकतच्या मुरघासावर गाई सांभाळणाऱ्यांनी ही हकिकत कृपया पूर्ण वाचावी.

व्यापाऱ्याने स्वतःच्या आवारात फोडून दाखवलेली गासडी (मुरघासाचा दाबून बांधलेला गठ्ठा) उत्तम होती. पिवळसर हिरवा रंग, ताकासारखा आंबूस वास आणि बोटांना लागणारे फुटलेले दाणे पाहून मी पूर्ण रक्कम आगाऊ दिली. माल मात्र रात्री अकरा वाजता आला. वजनकाट्याची पावती चोख होती, त्यामुळे मला शंका आली नाही.

दहा दिवसांत अकरा गाईंचे रोजचे दूध १२८ लिटरवरून १०४ लिटरवर आले. आंबोण, म्हणजे चाऱ्यासोबतचा खुराक, बदललेले नव्हते. अखेर मी एक किलो मुरघास पोत्यावर पसरून हाताने निवडला, तेव्हा त्यात मोजून नऊ दाणे निघाले आणि बुरकुंडाचा (दाणे काढल्यावर उरणाऱ्या कणसाच्या दांड्याचा) एक तुकडाही सापडला नाही. कणसे आधीच तोडून विकलेली होती आणि उरलेल्या हिरव्या ताटांची कुट्टी ‘पूर्ण पिकाचा मुरघास’ म्हणून माझ्या गळ्यात मारली होती. मका असो, ज्वारी असो की उत्तरेकडचे जव, अशा चाऱ्यातील ऊर्जेचा मोठा वाटा दाण्यातील पिष्टाचा असतो. दाणा काढून घेतला की गाईचे पोट भरते, पण दूध टिकत नाही.

मूठ दाबली की पाणी निथळत होते. १०० ग्रॅम मुरघास कढईत मंद आचेवर, वजन उतरायचे थांबेपर्यंत सुकवला, तर २१ ग्रॅम उरला. दाणा चिकातून पिठाळ होत असताना मका कापला असता, तर ३० ते ३५ ग्रॅम उरायला हवे होते. ३२ धरले तरी आठ टनांमागे ८८० किलो कोरड्या चाऱ्याऐवजी मी पाण्याचे पैसे मोजले. त्यातच पीक अगदी जमिनीलगत कापल्याने बुडख्यांबरोबर माती आली होती, आणि ओलावा व माती एकत्र आल्यावर नको ते जिवाणू वाढून मुरघास बिघडतो. काही गासड्यांना कुबट वास येत होता. सामू (पीएच; आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त) चारच्या आसपास हवा, तो पट्टीवर पाचच्या वर दिसला.

व्यापाऱ्याने फोनवर “मुरघासाला वास असतोच” एवढेच सांगितले आणि नंतर फोन उचलणे बंद केले. पावतीवर फक्त वजन असल्याने मला काही सिद्ध करता आले नाही.

आता मी कापणीच्या दिवशी शेतात जाऊन कणसांसह उभे पीक पाहतो, गाडीच्या मधल्या थरातील तीन गासड्या दिवसाउजेडी फोडतो आणि त्यानंतरच उरलेली निम्मी रक्कम देतो. बिलावर ‘कणसासह, कोरडा भाग किमान ३० टक्के’ असे लिहून द्यायला दोन व्यापाऱ्यांनी नकार दिला. शेजारच्या गावातील एका शेतकऱ्याने ते लिहून दिले आणि किलोमागे एक रुपया जास्त मागितला. तो मी आनंदाने दिला.