साहली की डिजिटल? कॅम्पसाठी एचबी मशीन घेताना

शाळेच्या कॅम्पसाठी, गरोदर बायकांच्या तपासणीसाठी एचबी (रक्तातलं हिमोग्लोबिन) मोजायला काय घ्यावं असं बरेच जण विचारतात. मी साहली (ॲसिडमध्ये रक्त मिसळून रंग डोळ्यांनी काचेशी जुळवायचा जुना हिमोग्लोबिनोमीटर) बरीच वर्षं वापरलाय, आता क्युव्हेटवालं (क्युव्हेट म्हणजे रक्ताचा थेंब घ्यायची छोटी प्लास्टिकची पट्टी) डिजिटल वापरतो, त्यामुळे जरा एकतर्फी वाटलं तर सांभाळून घ्या.

साहली स्वस्त, हे मान्यच. लाईट नको, बॅटरी नको, एन बाय टेन ॲसिड (पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिड) आणि डिस्टिल्ड वॉटर असलं की झालं. रक्त ॲसिडमध्ये टाकून 10 मिनिटं थांबणंही चालतं, चार-पाच ट्यूबा ओळीने लावून ठेवायच्या. मला वैताग आला तो शेवटच्या थेंबाचा. थेंबथेंब पाणी टाकत, कांडीने ढवळत रंग बाजूच्या काचेशी जुळवत आणायचा, अजून किंचित गडद वाटतोय म्हणून एक थेंब टाकला की एकदम फिकट, आता टाकलेलं पाणी काढणार कसं? मग एकतर अंदाजाने मधला आकडा लिहा नाहीतर त्या पोरीला परत टोचा, आणि एकदा रडलेली पोरगी दुसऱ्यांदा बोट देते होय! त्यात एकजण खिडकीपाशी बघणार, दुसरा ट्यूबलाईटखाली, एकाचं साडेदहा (ग्रॅम प्रति डेसिलिटर) तर दुसऱ्याचं साडेअकरा. गरोदरपणात 11 च्या खाली ॲनिमिया धरतात, म्हणजे गोळ्यांचा डोस कुठला द्यायचा तेच अडलं.

हिमोक्यू 201 सारख्या मशीनमध्ये क्युव्हेट 10 मायक्रोलिटर रक्त आपणच ओढून घेते, मिनिटभरात आकडा. 570 आणि 880 नॅनोमीटरच्या प्रकाशावर वाचतं, दुसरं वाचन गढूळपणाची भरपाई करायला. म्हणजे तुमच्या-माझ्या डोळ्यांचा संबंधच संपला.

नखरे यालाही आहेत. बुडबुडा आला की क्युव्हेट वाया, अर्धवट भरली म्हणून परत टेकवायची नाही. डबी उघडली की तीन महिन्यांत संपवायची, झाकण लगेच लावायचं, कोकणातल्या पावसाळ्यात तर विशेष. हिमोक्यू 301 च्या क्युव्हेटमध्ये रिएजंटच (रसायन) नसतं, त्यामुळे दमट हवेत ती बरी. बोट दाबून पिळलं तर मात्र साहली असो नाहीतर डिजिटल, आकडा चुकणारच.

फक्त रक्तदानाला 12.5 च्या वर आहे का एवढंच बघायचं असेल तर कॉपर सल्फेटचं द्रावणही पुरतं.

महिन्याला दोन-चारच पेशंट असतील तर साहली ठेवलात तरी बिघडत नाही. रांग लागत असेल तर माझ्या मते डिजिटलच, फक्त दुकानदाराला मशीनच्या आधी क्युव्हेटचा भाव आणि डबीवरची एक्सपायरी विचारा, कारण खरा खर्च तिथे आहे.