१०५० टीआय ग्राफिक कार्ड सांगून २०१० चं कार्ड गळ्यात मारलं. नाशिककरांनो, कार्डाच्या मागचे पोर्ट बघा आधी!

सरळ आकडेच सांगतो. गेमिंग कॉम्प्युटर घेतला, ३१,५०० रुपये गेले. त्यातले १०,००० यूपीआयने ॲडव्हान्स, तेही दुकानाच्या नावावर नाही, कोणत्यातरी बाईच्या नावाच्या खात्यावर, आणि उरलेले २१,५०० रोख, काउंटरवर मोजून. त्याच्या बदल्यात मिळाला रंगीत लायटी लावलेला एक डबा, ज्याच्यात २०१२ चा प्रोसेसर आणि त्याच्याहून म्हातारं ग्राफिक कार्ड. दुकानाचं नाव टाकत नाहीये, कारण तक्रार करायचीये आणि वकील मित्र म्हणाला नाव टाकलंस तर उलट तोच तुला नोटीस पाठवेल. चोर तो चोर वर शिरजोर.

आता लगेच कोणी म्हणेल ऑनलाइन का नाही घेतलं, लॅमिंग्टन रोडला का नाही गेला. गेलो असतो ना. पण अंबडला शिफ्टमध्ये काम, एक सुट्टी, त्यात कसारा घाट उतरून मुंबई, आणि काही बिघडलं तर तो डबा उचलून परत कोण जाणार? म्हणून म्हणलं गावातला माणूस बरा, पळून कुठं जाईल. आणि खरंच नाही पळाला तो. अजून तिथंच बसतो, एसी लावून.

मला काही फार भारी खेळायचं नव्हतं. व्हॅलोरंट, सीएस २, कधीतरी मित्रांबरोबर जीटीए ऑनलाइन, बस. दिवाळीचा बोनस आणि भिशीचे पैसे जमवून ठेवलेले. त्याने व्हॉट्सॲपवर हाताने लिहिलेलं कोटेशन पाठवलं: आय५, १६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी, १०५० टीआय ४ जीबी, ५०० वॅट एसएमपीएस, आरजीबी कॅबिनेट. बघा, आय५ म्हणजे प्रोसेसर, पण त्याच्या पुढं काहीच नाही. कितवी जनरेशन ते नाही, मॉडेल नंबर नाही. विचारलं तर म्हणे "गेमिंगवाला आहे भो, टेन्शन घेऊ नको". आणि वर घाई लावली, की रॅमचे भाव पेटलेत, माझ्याकडं जुना स्टॉक आहे म्हणून देतोय, सोमवारी हा रेट राहणार नाही. रॅमचे भाव २०२५ च्या शेवटी खरंच पेटले होते, रोज बातम्या येत होत्या, त्यामुळं ते खोटं वाटायचा प्रश्नच नव्हता. अशी माणसं अर्धं खरं बोलतात, तिथंच आपण अडकतो. बिल मागितलं तर "अठरा टक्के वेगळे लागतील". म्हणजे ५,६७० रुपये. एवढे पैसे कोण देणार, तुम्ही दिले असते? वॉरंटी म्हणून स्टिकर लावला, वर पेनाने तारीख.

आता मेन गोष्ट. माझा मॉनिटर जुना, मागं फक्त व्हीजीए, तो निळा पंधरा पिनवाला पोर्ट. मी आधीच वाचलं होतं की १०५० टीआयला व्हीजीए नसतं, एचडीएमआयवरून कन्व्हर्टर लावावा लागतो, तीनेकशे रुपयांना मिळतो. दुकानात त्याला म्हणलंसुद्धा, की कन्व्हर्टर पण दे. तो हसला, माझी वायर घेतली आणि सरळ कार्डाच्या मागं निळ्या पोर्टात खुपसली, दोन्ही बाजूचे स्क्रू अंगठ्याने फिरवून घट्ट केले, आणि म्हणाला "हे स्पेशल मॉडेल आहे, कन्व्हर्टरचे पैसे वाचले तुझे". आणि मला आनंद झाला! तीनशे रुपये वाचले याचा आनंद! त्या सीरिजच्या चिपमधून व्हीजीएला लागणारा ॲनालॉग सिग्नल निघतच नाही, तो निळा पोर्ट म्हणजे कपाळावर लिहिलेलं होतं की हे ते कार्ड नाही. मी रोज सीएनसीवर मायक्रॉनमध्ये माप बघतो, ड्रॉइंगपेक्षा जॉब जरा वेगळा निघाला की मशीन थांबवतो, आणि इथं समोर धडधडीत चुकीचा पोर्ट दिसत होता. पण समोरचा माणूस रोज पन्नास मशीन जोडतो अशा तोऱ्यात बोलत होता, स्क्रीनवर नाव पण जीटीएक्स १०५० टीआय येत होतं, मग ग्राहकाने काय शंका घ्यायची? खोकं दाखवलं त्यावर ड्रॅगनचं चित्र आणि फक्त "गेमिंग", कंपनीचं नावच नाही. ते पण बघितलं मी.

निघताना म्हणाला ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, अपडेट करू नको, वॉरंटी जाईल. ड्रायव्हर अपडेट केल्याने जगात कोणाची वॉरंटी जात नाही, लिहून ठेवा.

घरी आणून व्हॅलोरंट टाकला, चालूच होईना. व्हॅन ९००१ एरर. विंडोज ११ वर त्या गेमला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी लागतात, आणि माझ्या मदरबोर्डात त्या असणार कुठून, तिसऱ्या जनरेशनचा आय५ ३४७० बसवलेला. मायक्रोसॉफ्ट साधारण इंटेलच्या आठव्या जनरेशनपासून पुढंच विंडोज ११ ला सपोर्ट देतं, या पठ्ठ्याने जुगाड करून, तेही क्रॅकवालं, कोंबलेलं. रॅम पण डीडीआर३, म्हणजे जुन्या पिढीची. सीएस २ चालू झाला, पण मॅच रंगात आली की स्क्रीनवर हिरव्या-गुलाबी रेघा आणि मग काळोख. मला वाटलं गरम होत असेल. टेबल फॅन लावून बसलो साला.

शेवटी इंदिरानगरचा एक मित्र आला, त्याने जीपीयू-झेड नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर चालवलं. कार्डाच्या नावाच्या आधी चक्क "फेक" असं लिहून आलं. हे सॉफ्टवेअर २०१८ पासून अशी नकली कार्डं ओळखतं, म्हणजे धंदा किती जुना आहे बघा. आत निघालं जीटीएस ४५०, २०१० चं. १९२ कोर, खऱ्या १०५० टीआयला ७६८ असतात. मेमरी खरी १ जीबी, बायॉस, म्हणजे कार्डाच्या आतलं सॉफ्टवेअर, बदलून त्यात ४ लिहिलेली, त्यामुळं विंडोजला ४ दिसते, गेमने एकच्या वर मागितली की झोपलं. आणि या जुन्या चिपचे गेम ड्रायव्हर २०१८ मध्येच बंद झाले, म्हणून तो "अपडेट करू नको"चा मंत्र. (आणि खरं १०५० टीआय असतं तरी ते २०१६ चं, त्याचे पण नवे गेम ड्रायव्हर २०२५ मध्ये बंद झाले. हे कोणी आधी सांगितलं नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. आज ते नवीन म्हणून कोणी विकत असेल तर तिथूनच उलटं फिरा.)

दुकानात गेलो तर आधी "व्होल्टेजने उडालं असेल", मग "तू घरी बदललं असशील", मग शेवटी "९,००० देतो, सगळं ठेवून जा". ३१,५०० चे ९,०००!

पोलीस ठाण्यात गेलो. घरून कलम वाचून गेलो होतो, पूर्वीचं ४२०, आता न्याय संहितेत ३१८. समोरच्यांनी विचारलं मशीन चालू होतं का. म्हणलं होतं. "मग फसवणूक कसली?" अहो साहेब, सोनं सांगून पितळ दिलं तर पितळ पण चमकतंच ना! ते म्हणे दिवाणी मॅटर आहे, ग्राहकवाल्यांकडं जा, आणि या वयात गेम कसले खेळता. दुसऱ्याने सगळं ऐकून घेतलं, मला वाटलं हा काहीतरी करेल, तर विचारतो "आमच्या पोराला घ्यायचाय, कुठून घेऊ?" अर्ज ठेवून घेतला, पोच मागितली तर साहेब आल्यावर. साहेब येतात की नाही देव जाणे. मग एका हेल्पलाइनला फोन, हिंदीसाठी एक दाबा, मराठीसाठी अमुक दाबा, अर्धा तास गाणं ऐकून कोणीतरी उचललं, तर बिल नंबर सांगा. बिल नाही म्हणूनच तर रडतोय ना बाबा! नंतर मेसेज आला की तक्रार बंद केली आहे, सेवेला किती स्टार द्याल. व्यापारी संघटनेच्या एका पदाधिकाऱ्याने तर मलाच ऐकवलं की विनाबिल घेता आणि मग बोंबलता. म्हणजे विनाबिल विकणारा शहाणा, त्याला कोणी एक शब्द विचारत नाही, टॅक्स बुडवला त्याने आणि गुन्हेगार मी. सगळे एकमेकांकडं बोट दाखवतात आणि मी पेट्रोल जाळत फिरतोय.

जे घेणार आहेत त्यांनी ऐका. काउंटरवरच कंट्रोल शिफ्ट एस्केप दाबा, टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचं पूर्ण नाव वाचा, मेमरीचा स्पीड १३३३ किंवा १६०० दिसला तर ते डीडीआर३, उठा तिथून. जीपीयू-झेड पेनड्राइव्हमध्ये घेऊनच जा, चालवू देत नसेल तर उत्तर मिळालं तुम्हाला. यूपीआय करताना नाव कोणाचं येतं ते बघा. बिल घ्या, सिरीयल नंबरसकट, माझे वाचलेले ५,६७० मला केवढ्याला पडले ते वर लिहिलंय. आणि फक्त व्हॅलोरंट, सीएस खेळायचं तर बजेटमध्ये कार्डाच्या नादालाच लागू नका, रायझन ५ ५६००जी सारखा प्रोसेसर घ्या, ग्राफिक आतच असतं, रॅम मात्र एक नको, दोन कांड्या लावा, सेटिंग लो ठेवून व्यवस्थित चालतं. इंटेलमध्ये शेवटी एफ असलेला घेतलात तर कार्डाशिवाय स्क्रीनच येणार नाही, ते पण दुकानदार सांगत नाहीत.

मी आता जिल्हा ग्राहक आयोगात टाकतोय. पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही, वकील लागतोच असं नाही, दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. व्हॉट्सॲपचं कोटेशन, १०,००० चा यूपीआय आणि जीपीयू-झेडचा फोटो एवढं हातात आहे, रोख २१,५०० चा पुरावा नाही, तिथं तो वाकडा जाणार. म्हणून सांगतो, ड्रॅगनचं खोकं, मागं निळा पोर्ट आणि पेनाने तारीख टाकलेला स्टिकर असं कोणाकडं नाशिकात निघालं असेल तर खोकं फेकू नका, कार्डाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा आणि मला मेसेज करा. सारखीच फसवणूक असेल तर आयोगात एकत्र तक्रार करता येते, आणि चार जणांनी तेच कार्ड पुढं ठेवलं तर "तू घरी बदललं असशील" हे त्याला चौघांना सांगावं लागेल.