सिंह, नांगर आणि पाचशे एक युरो

आडनावांची चिन्हं आणि इतिहास विकणाऱ्या एका ऑनलाइन कंपनीनं मला फसवलं. आधी रक्कम सांगून टाकते: ५०१ युरो ४९ सेंट. प्रमाणपत्र १८९, फ्रेम ७९ आणि 'कुलवृत्तांत' २४९ असे मिळून ५१७ होत होते, पण लगेच बँक ट्रान्सफर केल्यास तीन टक्के सूट होती. म्हणजे मी १५ युरो ५१ सेंट वाचवले. तेच वाचवणं मला सगळ्यात महाग पडलं. कसं, ते पुढे सांगते.

मी जर्मनीतल्या कासेलमध्ये राहते. नवरा जर्मन, मी मूळची संगमनेरकडची कुलकर्णी, वाढले पुण्यात. सासूबाईंचं माहेरचं आडनाव हासेनफ्लूग. त्यांची पंचाहत्तरी आली तेव्हा आम्ही दोघं काय द्यायचं यावर महिनाभर डोकं खाजवत होतो. या बाईंना काही देणं म्हणजे परीक्षा. साडी-चोळीचा प्रश्न नाही, दागिने त्या घालत नाहीत, फुलदाण्या घरात सतरा आहेत. अशात मोबाईलवर एक जाहिरात आली: 'आपल्या आडनावाचा उगम जाणून घ्या. आज जगात आपले किती कुलबंधू उरले आहेत?' मी सहज हासेनफ्लूग टाकलं. पडद्यावर एक चक्र फिरलं, 'अभिलेखागारात शोध सुरू आहे' असं आलं आणि मग लाल अक्षरांत उत्तर: अतिदुर्मिळ, केवळ १९ कुटुंबं शिल्लक.

इथे माझी विकेट पडली.

दोष थोडा माझ्या संस्कारांचाही आहे. आजीच्या अस्थी घेऊन आम्ही नाशिकला रामकुंडावर गेलो होतो, तेव्हा गुरुजींनी फक्त गाव आणि आडनाव विचारलं आणि लाल कापडात बांधलेली एक चोपडी आणून समोर उघडली. त्यात माझ्या पणजोबांची मोडीतली सही होती. बाबांनी त्या सहीवरून बोट फिरवलं, ते मला अजून दिसतं. नाव आणि गाव सांगितलं की कुळ निघतं, हे माझ्या डोक्यात तेव्हापासून पक्कं बसलंय. प्रमाणपत्रावर आडनावाचं ढालीवरचं चित्र मिळणार होतं, जर्मन भाषेत त्याला 'वापन' म्हणतात. मी मनातल्या मनात त्याचं मराठी 'कुलचिन्ह' केलं, आणि त्या एका 'कुल'नं घात केला.

पार्सल सुबक होतं, हे मान्य केलं पाहिजे. जाड पिवळसर कागद, कडा मुद्दाम जाळल्यासारख्या तपकिरी, खाली लाल लाखेचा शिक्का. नखानं टोकरल्यावर लाख नव्हे, रबर आहे हे कळलं, पण तोवर कोण टोकरतंय! मधोमध निळी ढाल, तिच्यावर मागच्या दोन पायांवर उभा सोनेरी सिंह, आणि सिंहाच्या पुढच्या पंजात नांगर. खाली मजकूर: बाराव्या शतकात हासो नावाच्या सरदारानं तलवार टाकून नांगर हाती घेतला, त्याचे वंशज ते हासेनफ्लूग.

वाढदिवसाला कॉफी आणि केक झाल्यावर आम्ही फ्रेमवरचं कापड काढलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. सासूबाईंनी चष्मा लावला, मजकूर वाचला, आणि 'अच्छा' एवढंच म्हणाल्या. जर्मन 'आख् झो' आपल्या 'अच्छा'इतकाच लवचिक असतो आणि त्यांचा तो अच्छा बरा नव्हता. त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे मामेसासरे, शेजारी बसले होते. त्यांनी फ्रेम मांडीवर घेतली, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "आमच्या आजोबांकडे साधा नांगर नव्हता गं. आणि सिंह कुठून आणला?"

सगळे हसले. मीही हसले, पण पोटात गोळा आला होता.

मामांना या विषयाचा नाद आहे हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला स्वयंपाकघरात बसवून आडनाव फोडून दाखवलं. हासो-बिसो कुणी नाही. 'हासं' म्हणजे द्वेष कर, 'फ्लूग' म्हणजे नांगर. आडनावाचा सरळ अर्थ 'नांगराचा तिटकारा कर!' शेतीकामाचा ज्याला कंटाळा, अशा माणसाला गावानं चिकटवलेलं टोपणनाव. अख्खं वाक्यच आडनाव झालेली अशी नावं मध्ययुगाच्या उत्तरार्धात जर्मन भाषेत बरीच निघाली. श्लुकेबीअर म्हणजे 'बिअर ढोस', हाबेनिष्ट म्हणजे 'जवळ काही नसलेला'. इंग्रजीतलं शेक्सपिअरही त्याच घाटाचं, भाला हलवणारा.

हे मी आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर ती म्हणाली, "मग आपले आगलावे आणि पोटफोडे काय वेगळे? गावाला नावं ठेवायला कुणी शिकवावं लागत नाही." पाचशे युरोंच्या कुलवृत्तांतात जे नव्हतं ते आईनं भाजी निवडता निवडता सांगितलं.

तो कुलवृत्तांत म्हणजे खरा विनोद. दीडशेच्या आसपास पानं. सुरुवातीची चाळीस जर्मन आडनावांचा सर्वसाधारण इतिहास, मग युरोपातून अमेरिकेला गेलेल्या लोकांची माहिती, मग 'आपली वंशावळ स्वतः कशी तयार कराल' आणि भरायचे रिकामे तक्ते. शेवटी पत्त्यांची एक यादी, कुठल्या तरी जुन्या टेलिफोन डिरेक्टरीतून उचललेली. त्या यादीत मामांच्या वडिलांचं नाव होतं. ते वारून तीस वर्षं झाली. आणि गंमत म्हणजे त्याच यादीत १९ पेक्षा कितीतरी जास्त हासेनफ्लूग होते! एकाच पार्सलमधले दोन कागद एकमेकांना खोटं पाडत होते आणि मी ते उलटून पाहिलेही नव्हते.

संख्येचा प्रकार नीट समजून घ्या, कारण गळाला लावलेला दाणा तोच असतो. आज अमुक आडनावाचे नेमके किती लोक आहेत याचं बोट ठेवून उत्तर देणारी कुठलीही जादूची वही जर्मनीत नाही. अभ्यासक काय करतात, तर लँडलाइन फोनच्या नोंदी मोजतात. फ्रायबुर्ग आणि माइन्त्स इथल्या विद्यापीठांच्या अभ्यासकांनी जर्मन आडनावांचा जो सात खंडांचा नकाशासंग्रह २००९ ते २०१८ या काळात काढला, तो २००५ सालच्या टेलिफोन नोंदींवर उभा आहे. तेव्हा सुमारे २ कोटी ८० लाख खाजगी जोडण्या होत्या आणि त्यांत साडेआठ लाखांच्या घरात वेगवेगळी आडनावं निघाली. लोकसंख्या सव्वाआठ कोटींच्या आसपास, म्हणजे एका जोडणीमागे ढोबळमानानं तीन माणसं. जोडण्या मोजा, तिनानं गुणा, आला अंदाज. तो अंदाजच. मोबाईल आल्यापासून नवीन याद्या उलट जास्त अपुऱ्या, म्हणूनच अभ्यासक अजून २००५ ला धरून असतात.

आता साडेआठ लाख आडनावं म्हटल्यावर लक्षात येईल की म्युलर, श्मिट अशी मोजकी सोडली तर बहुतेक सगळीच कमी-अधिक दुर्मिळ. दुर्मिळ असणं हीच तिथली सर्वसाधारण गोष्ट. पण आपलं नाव दुर्मिळ आहे म्हटलं की माणूस सुखावतो आणि खिशाला हात घालतो.

खात्री करायला मी त्या कंपनीच्या साइटवर परत गेले आणि शोधाच्या चौकटीत कुलकर्णी टाइप केलं. चक्र फिरलं. अभिलेखागारात शोध झाला. उत्तर: अतिदुर्मिळ, केवळ १९ कुटुंबं शिल्लक. सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात त्याहून जास्त निघतील. नमुना म्हणून ढालही आली. तोच निळा रंग, तोच सिंह, फक्त नांगराच्या जागी लेखणी. म्हणजे कुणीतरी कुलकर्णीचा अर्थ तरी पाहिला होता, किंवा नशिबानं जुळलं. माझ्या एका मैत्रिणीनं तिचं आडनाव टाकलं तर तिच्या सिंहाच्या पंजात किल्ली आली.

ढालीचं खरं काय, तेही मामांकडूनच कळलं. जर्मनीत वापन आडनावाला मिळत नाही, एका ठरावीक घराण्याला मिळतं. एकाच आडनावाच्या दहा घराण्यांची दहा वेगळी चिन्हं असू शकतात आणि अकराव्याला काहीच नसेल. 'या आडनावाचं वापन' हे शब्दच जिथे दिसतील तिथून उठून यावं. चिन्हांना मान्यता देणारं सरकारी कार्यालयही तिथे नाही. संस्था नोंदी ठेवतात, त्यातली बर्लिनची 'हेरोल्ड' १८६९ पासून आहे. पण तिथे नोंद करायची तर आपण कुणाचे वंशज हे कागदांनी दाखवावं लागतं. नुसतं नाव टाइप करून सिंह मिळत नाही. हा धंदाही काही इंटरनेटनं जन्माला घातलेला नाही, पूर्वी अशा दुकानांना तुच्छतेनं 'वापनांचा कारखाना' म्हणत.

बाराव्या शतकाचा दावा तर मी तेव्हाच ओळखायला हवा होता. साध्या माणसाची नोंद शोधायची तर तिथे दोनच ठिकाणं. १ जानेवारी १८७६ पासून सगळ्या जर्मन साम्राज्यात सरकारी जन्म-विवाह-मृत्यू नोंदणी सुरू झाली, त्याआधी चर्चच्या वह्या. त्या फार तर सोळाव्या शतकापर्यंत मागे नेतात, आणि १६१८ ते १६४८ च्या तीस वर्षांच्या युद्धात त्यातल्याही पुष्कळ जळाल्या. पाद्र्याच्या कानाला जसं ऐकू आलं तसं नाव लिहिलेलं असायचं. शेतमजुराच्या घराण्याला कुणी बाराव्या शतकात नेऊन सोडत असेल तर तो गाडी हवेत चालवतोय.

मला जास्त वाईट वाटलं ते याचं, की हे आडनाव खऱ्या गोष्टींनी भरलेलं आहे आणि त्या फुकट मिळतात. लोककथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंना कासेलमध्ये ज्यांनी गोष्टी सांगितल्या त्यांत हासेनफ्लूग बहिणी होत्या. लाल टोपीवाल्या मुलीची आणि शंभर वर्षं झोपलेल्या राजकन्येची गोष्ट त्यांच्याकडून आली. त्यांच्या भावाशी, लुडविगशी, ग्रिमांची एकुलती बहीण लोटे हिचं १८२२ मध्ये लग्न झालं. हा लुडविग पुढे कासेलभोवतालच्या कुरहेसेन संस्थानचा मंत्री झाला, दोनदा. कुलवृत्तांतात त्याचं एक पान होतं: 'थोर मुत्सद्दी, घराण्याचा मुकुटमणी.' लोक त्याला काय म्हणत ते मात्र गाळलं होतं. तो इतका अप्रिय होता की लोकांनी हासेनफ्लूगचं हेसेनफ्लूख करून टाकलं, म्हणजे 'हेसेनचा शाप'. सासूबाईंना हे शाळेपासून माहीत होतं. त्यांच्या वर्गातल्या पोरांनी त्यांना तेच म्हणून चिडवलं होतं, म्हणून तो थंडगार अच्छा.

पैशांचं सांगते. वस्तू परत पाठवायची म्हणून मी दहाव्या दिवशी लिहिलं. युरोपात ऑनलाइन खरेदी १४ दिवसांत रद्द करता येते, एवढं मला माहीत होतं. उत्तर आलं की खास ग्राहकाच्या मागणीनुसार बनवलेल्या वस्तूंना हा नियम लागू नाही. आडनाव छापलंय ना, मग झाली खास. कायद्यात तशी सूट खरोखर आहे आणि हे लोक तिच्या आडोशानंच बसलेले असतात. पुस्तकातल्या दीडशे पानांपैकी आमच्यासाठी काय बनवलं, असं विचारल्यावर उत्तरं बंद झाली. बँकेत गेले. तिथली मुलगी चांगली होती. तिनं सांगितलं, खात्यातून थेट वसुलीची परवानगी दिली असती तर आठ आठवड्यांत कारण न देता पैसे परत खेचता आले असते. मी स्वतः ट्रान्सफर केलं होतं, ते परत येत नाही. तीन टक्के सूट त्यासाठीच होती. आता ग्राहक सल्ला केंद्रात कागद दिलेत, पोलिसांकडे ऑनलाइन तक्रार नोंदवली आहे. अजून एक सेंट आलेला नाही. उलट त्या कंपनीचं एक पत्र आलं: ३९० युरो भरल्यास आमच्या कुलचिन्हाची 'जागतिक नोंदवहीत' नोंद होईल, मुदत सात दिवस. ते मी जपून ठेवलंय, तक्रारीला जोडायला.

कुणाला खरंच शोधायचं असेल तर माइन्त्सच्या अकादमीचा जर्मन आडनावांचा कोश इंटरनेटवर मोफत आहे, नकाशांसकट. २०१२ पासून त्याचं काम चालू आहे. हेसेनच्या जुन्या सरकारी नोंदवह्याही तिथल्या अभिलेखागारानं मोफत वाचायला ठेवल्यात. जन्माच्या नोंदी ११० वर्षांनी खुल्या होतात, लग्नाच्या ८०, मृत्यूच्या ३०. प्रॉटेस्टंट चर्चच्या वह्यांना पैसे पडतात, पण महिन्याचे थोडेसे, आणि समोर खरं पान दिसतं.

मामांनी त्यातूनच १७१२ सालापर्यंत मजल मारली आहे. शेवटची सापडलेली नोंद एका मेंढपाळाच्या लग्नाची. नांगर नाहीच. सासूबाईंनी फ्रेममधला सिंह काढला आणि त्या पानाची प्रत घातली. फ्रेम चांगली आहे म्हणाल्या, ७९ युरोंची नसली तरी.

ते पान कुरेंट या जुन्या जर्मन हस्तलिपीत आहे. बाबांना मोडी यायची नाही तशी नवऱ्याला कुरेंट येत नाही. रविवारी संध्याकाळी मामा मला शिकवतात. त्या लिपीत ई हे अक्षर थेट एनसारखं दिसतं, आणि हासेनफ्लूगमध्ये ती दोन्ही शेजारी शेजारी आहेत. तिथेच अडकले आहे.