सहा फुटी टाकी, दोन रिटर्न पंप आणि तेरा महिने

आमच्या हॉलमधली माशांची टाकी सहा बाय दोन बाय दोन फुटांची. दगड-वाळू वजा जाता 600 लिटरच्या आसपास पाणी, त्यात तीन ऑस्कर मासे. वरचं पाणी ओव्हरफ्लोनं खालच्या संपमध्ये, म्हणजे गाळणीच्या टाकीत उतरतं, गाळून झालं की रिटर्न पंप ते परत वर चढवतो. ऑस्कर म्हणजे खादाड जित्राब, घाणही तेवढीच करणार. म्हणून तासाला निदान चार-पाच वेळा सगळं पाणी फिरावं, असा माझा हिशोब होता.

पहिला पंप घेतला साधा एसी, म्हणजे थेट घरच्या विजेवर चालणारा, 85 वॅटचा. खोक्यावर तासाला 4500 लिटर. म्हटलं, साडेसात पट, आणि काय पाहिजे! पंधरा दिवसांनी सहज रंगाची 20 लिटरची बादली नोझलखाली (रिटर्नच्या पाइपाच्या तोंडाखाली) धरली आणि मोबाइलवर वेळ लावली. भरायला 35 सेकंद. म्हणजे तासाला जेमतेम 2050 लिटर. खोक्यावरचा आकडा पाणी वर चढवायचंच नसेल तेव्हाचा असतो, हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडं संपमधल्या पाण्याच्या पातळीपासून वरपर्यंत सव्वा मीटर चढ (मोजायचं पातळीपासून, पंपापासून नव्हे), त्यात पाऊण इंची पाइप आणि चार एल्बो (काटकोनी जोड). दुकानदार म्हणाला, मोठा पंप घ्या. मी उद्यमनगरात जाऊन एक इंची पाइप आणला, दोन एल्बो काढून तिथं लवचीक नळी बसवली. तोच पंप 26 सेकंदांत बादली भरायला लागला. तासाला पावणेतीन हजार. मोठ्या पंपाचे पैसे वाचले.

पाणी मिळालं, पण त्या पंपाची घरघर रात्री आतल्या खोलीपर्यंत यायची. आमचा इन्व्हर्टर जुना, स्क्वेअर वेव्हचा. त्यावर तर पंप नुसता कण्हायचा आणि तापायचा, म्हणून मी तो इन्व्हर्टरवरून काढूनच टाकला होता.

मग मे महिन्यात वळवाचा पाऊस आला. रात्री साडेअकराला लाइट गेली, आम्ही झोपलेलो. पंप बंद झाला की रिटर्नच्या पाइपातून पाणी उलटं खाली येतं आणि नोझल उघडं पडेपर्यंत येतच राहतं. आमचं नोझल पाण्यात चार इंच बुडलेलं. बारा चौरस फुटांच्या टाकीत एक इंच म्हणजे 28 लिटर. चार इंचांचे झाले 112. संपमध्ये मोकळी जागा 50 लिटरची. पाणी उलटं येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह होता, त्याच्या भरवशावर मी निवांत. सकाळी उघडून बघतो तर झडपेत हरभऱ्याएवढी गोगलगाय अडकलेली. आई पाण्यात उभी राहून म्हणाली, "पंचगंगा घरात आणलीस की रं!" सोफ्याचे दोन पाय अजून फुगलेले आहेत.

आता नोझल पातळीखाली फक्त एक इंच आहे आणि पाइपाला पाण्याच्या जरा खाली बारीक भोक पाडलंय. पातळी उतरली की त्यातून हवा शिरते आणि उलटा प्रवाह तुटतो. भोक शेवाळानं बुजतं, दर रविवारी टूथपिक फिरवतो. पंपाचा स्विच मुद्दाम बंद करून संपचं पाणी कुठवर चढतं ते बघितलं आणि रोजची पातळी किती ठेवायची त्याची मार्करनं रेघ मारली. व्हॉल्व्ह काढून टाकला.

त्याच आठवड्यात 24 व्होल्टचा डीसी पंप घेतला. त्याला आता आठ महिने झाले. सातव्या स्पीडला बादली 25 सेकंदांत भरते आणि मीटरवर 40 वॅट दिसतात. महिन्याला 61 युनिटच्या जागी 29. युनिटला दहा रुपये धरले तर 320 रुपये वाचतात. पण जास्तीचे साडेपाच हजार मोजलेत, त्यातले अजून निम्मेही वसूल नाहीत. निव्वळ बिलासाठी घेणार असाल तर घेऊ नका. मला पटला तो आवाजासाठी आणि खाणं टाकताना दहा मिनिटं थांबायच्या बटणासाठी. इन्व्हर्टरवरही कुरकुर नाही.

दुखणं त्याच्या कंट्रोलरचं. ऑक्टोबरात परतीच्या पावसात वीज कडाडली, व्होल्टेज वरखाली झालं आणि डिस्प्ले मेला. पंप ठणठणीत, पण कंट्रोलरशिवाय तो फिरतच नाही. विकणाऱ्यानं "व्होल्टेजमुळं गेलेलं वॉरंटीत बसत नाही" म्हणून हात झटकले. नवा कंट्रोलर यायला 11 दिवस लागले, तोवर माळ्यावरचा घरघऱ्याच कामाला आला.

दोन्ही पंपांना बोअरचं पाणी बाधतं. दोन-अडीच महिन्यांत इंपेलरवर, म्हणजे पंपातल्या फिरत्या पंख्यावर, पांढरा थर चढतो, बादलीला तीन-चार सेकंद जास्त लागायला लागले की मी ओळखतो. लिंबूसत्त्वाच्या पाण्यात तासभर ठेवून जुन्या ब्रशनं घासायचं, धुऊन परत बसवायचं. इंपेलरची सिरॅमिकची शाफ्ट (दांडी) ओढताना जपून, एक माझ्या हातात मोडलीय. उन्हाळ्यात रोज चार-पाच लिटर पाणी उडतं आणि ती घट फक्त संपमधल्या पंपाच्या कप्प्यात दिसते. पंप हवा ओढून टाकीत बुडबुडे सोडायला लागला की एक कळशी ओतायची.

एसी पंप अजून माळ्यावर आहे, धुऊन, नव्या इंपेलरसकट. विकायचा नाही.