पॅलिओ, की भाकरी ठेवून साखर-मैदा बंद?

पॅलिओ म्हणजे शेतीआधीच्या आदिमानवासारखं खायचं; दुसरी वाट म्हणजे भाकरी ठेवून साखर-मैदा सोडायचा. दोन्ही वाटांचं पहिलं पाऊल एकच: साखर, गूळ, मैदा, फरसाण आणि बेकरीचा माल घरातून बाहेर. फरक पुढं पडतो. पॅलिओत शाळू, तांदूळ, डाळी, कडधान्यं, शेंगदाणे, दूध-दही सगळं जातं. उरतं मटण, मासे, अंडी, भाज्या, फळं, रताळी आणि काजू-बदाम. दुसऱ्या वाटेत ताट नेहमीचंच, फक्त दिवसाच्या चार भाकऱ्यांच्या दोन होतात आणि भात सुटतो.

कोल्हापूरकराला पॅलिओ परका वाटत नाही. पांढऱ्या रश्श्यात असतं काय? मटणाचं अळणी पाणी, ओल्या नारळाचं दूध, काजू, तीळ, खसखस. यातलं काहीच नियमाबाहेर नाही. तांबड्यात मात्र दोन ठिकाणी बघावं लागतं. चटणी, म्हणजे रश्श्यात पडणारं मसाल्याचं तिखट, बहुधा शेंगतेलात केलेली असते, आणि कुठं कुठं रस्सा दाट व्हायला डाळवं वाटून लावतात. घरची चटणी खोबरेलात केली की प्रश्न मिटला. रश्श्याचं मीठही भाकरी कुस्करायच्या हिशोबानं पडतं. नुसता रस्सा वाट्यांनी पिणार असाल तर मीठ एक तृतीयांश कमी घाला.

दोन अंडी आणि वाटीभर सुकं मटण पोटात गेलं की दुपारपर्यंत भूक आठवत नाही, हे खरंच. पहिल्या आठवड्यात काटा किलो-दीड किलो खाली येतो, पण त्यात बरंचसं पाणीच असतं. अंगात साठलेली साखर संपते तसं तिच्यासोबत धरलेलं पाणी जातं. त्याच्याबरोबर मीठही जातं, म्हणून तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोकं धरतं. त्यातच पोट साफ होत नाही. प्रत्येकी ६० ग्रॅम पिठाच्या दोन भाकऱ्यांतून साधारण १२ ग्रॅम चोथा मिळतो. तेवढा भरून काढायला निवडलेली मेथी पाव किलो लागते, आणि ती शिजून वाटीभरच होते.

हेही जमवता येतं. माझ्या मते गाडं अडतं ते वारांवर. कुणाचा सोमवार, कुणाचा गुरुवार, कुणाचा शनिवार. त्यात अख्खा श्रावण. त्या दिवशी मटण नाही, अंडं नाही, आणि पॅलिओनं डाळ-दूध आधीच काढून घेतलेलं. ५५ किलोच्या माणसाला दिवसाला साधारण ४५ ग्रॅम प्रथिनं लागतात. नुसत्या बदामांतून ती घ्यायची तर सव्वादोनशे ग्रॅमच्या पुढं बदाम खावे लागतील, म्हणजे तेराशेच्या वर कॅलरी एकट्या बदामांच्या. भाज्यांतून थोडं मिळतं, पण तेवढ्यानं भागत नाही.

त्याच दिवशी दुसरं ताट बघा. दोन भाकऱ्यांचे १२ ग्रॅम, ५० ग्रॅम मटकीच्या उसळीचे १०, ४० ग्रॅम बेसनाच्या पिठल्याचे ९, पाव लिटर म्हशीच्या दुधाचे ९, वाटीभर दह्याचे ५. झाले ४५, तेही मटणाच्या दुकानात न जाता. आमच्या घरी पारडं भाकरीकडे झुकलं ते इथंच. पैशाचंही तसंच: एक किलो मटणाच्या पैशात दहा-बारा किलो शाळू सहज येतो.

आदिमानव धान्य खात नव्हता, हा पॅलिओचा मूळ आधारही तितका पक्का नाही. जॉर्डनमध्ये शुबायका इथं रोटीचे जळके तुकडे सापडलेत ते सुमारे १४,४०० वर्षांपूर्वीचे, शेतीच्या कितीतरी आधीचे.

भाकरीच्या वाटेतही खोट आहे: नियम सैल असतो. तांबडा रस्सा झणझणीत झाला की तिसरी भाकरी नकळत ताटात येते. म्हणून परातीत पीठ घेतानाच ते माणशी मोजून घ्यावं, थापताना नव्हे. जेवताना उसळ-भाजी आधी संपवावी. आठवड्यातून दोनदा नाचणीची भाकरी केली तर कॅल्शियमचीही भर पडते.

रोज मटण-अंडी परवडतात आणि घरात वार पाळत नाहीत, त्यांनी पॅलिओ जरूर करून बघावा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर भाकरी-भात तोडण्याआधी डॉक्टरांकडून डोस बदलून घ्या, नाहीतर साखर एकदम उतरते. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मटण वाढवण्याआधीही त्यांना विचारा. आणि सुरुवात श्रावण संपल्यावर करा; पहिले तीन आठवडे तरी सलग मिळायला हवेत.